शेवटचे नऊ सेंटिमीटर

मिरजेहून आम्ही जर्मनीला यायला निघालो त्या सकाळी बाबा स्वयंपाकघरात गॅसची टाकी हलवून बघत होते. दारात गाडी उभी होती, सामान चढवून झालं होतं, आईने माझ्या बायकोच्या, मेधाच्या हातावर दही ठेवलं होतं, आणि बाबांचा पत्ता नव्हता. मी आत गेलो तर ते वाकून, दोन्ही हातांनी टाकी किंचित उचलून, पुन्हा खाली ठेवत होते.

"अजून चार दिवस आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "निघालात? बरं."

पुण्याचं बिऱ्हाड मोडताना आमच्या नावाचं गॅस कनेक्शन मी परत करणार होतो. बाबांनी करू दिलं नाही. खेटे घालून त्यांनी ते मिरजेला फिरवून घेतलं, आणि त्यातली एक भरलेली टाकी, सील न फोडता, जिन्याखाली ठेवून दिली. "असू दे. परत आलात की पहिल्या दिवशी चहाला तरी गॅस हवा," एवढंच त्यांचं म्हणणं.

आमच्या घरात टाकी लावली की बाबा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत 'गॅस' असं लिहीत. संपली की मधले दिवस मोजत. आम्ही पाच माणसं होतो तेव्हा चौतीस दिवस जायची, दिवाळीच्या महिन्यात एकोणतीस. संपत आली की आई म्हणायची, "अहो, दुसरी लावा आता, ज्योत बघा कशी झालीय." बाबा टाकी आडवी करायचे आणि आणखी दोन दिवस काढायचे. "संपल्याशिवाय कळत नाही किती लागतं," हे त्यांचं वाक्य. माझ्या हिशोबीपणाचं मूळ तिथे आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे त्याचंही.

इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मला माहितीपर लिहायला सांगितलं आहे. बर्लिनचं एक जोडपं शहरातली भाडी परवडत नाहीत म्हणून खेड्यात घर बघतंय, आणि त्यांनी ग्रुपवर विचारलं होतं, की खेड्यात किराणा, भाजी, पेट्रोल, घर तापवायचं तेल हे सगळं कुठून आणता? मी तीन ओळींत उत्तर लिहायला बसलो आणि लिहिता आलं नाही. म्हणून हे सविस्तर. मिरजेलाही याची एक प्रत पाठवणार आहे, कारण तिथे मी आजवर निम्मंच सांगितलंय.

मी ड्रेस्डेनला चिप बनवणाऱ्या कारखान्यात मशिनं सांभाळतो. पहिली आठ वर्षं आम्ही शहरात राहिलो, अठ्ठावन्न चौरस मीटरच्या भाड्याच्या घरात. आमची मुलगी मुक्ता तिथेच लहानाची मोठी झाली. सुपरमार्केट दोनशे दहा मीटरवर. तुरीची डाळ, पोहे, आटा मिळणारं दुकान ट्रामने पाच थांबे. मेधा कोथिंबीर विसरली तर स्वेटर चढवून खाली जायची आणि फोडणी जळायच्या आत वर यायची. त्या वेळी हे सुख आहे असं आम्हाला वाटलं नव्हतं. ती नुसती सोय होती.

मग घरमालकाने स्वतःच्या मुलासाठी जागा मागितली. इथे त्याला 'आइगनबेडार्फ' म्हणतात, आणि ते पत्र आलं की वाद घालण्यात फारसा अर्थ नसतो. मी सत्तेचाळीस घरांसाठी अर्ज केले. सहा ठिकाणी बघायला बोलावलं. एकही मिळालं नाही. बाबा फोनवर म्हणाले, "दुसऱ्याच्या भिंतींना किती दिवस रंग देणार?" शहरापासून एकेचाळीस किलोमीटरवर, तीनशेपेक्षा कमी वस्तीच्या एका गावात, बाग, तळघर आणि तीन खोल्या वर असलेलं घर आम्हाला झेपणारं होतं. मी ते घेतलं. 'आम्ही' लिहायला हवं होतं, पण खरं ते 'मी' आहे.

मेधाने एक अट घातली होती आणि ती साधी होती. "एक हिवाळा बघू. मुक्ताची चौथी संपेल, पाचवीच्या शाळेचा फॉर्म फेब्रुवारीत भरायचाय. जमलं तर इथली शाळा. नाही जमलं तर मी आणि ती ड्रेस्डेनला परत, एका खोलीत राहायला लागलं तरी." मी हो म्हटलं. मला खात्री होती की जमेल. कागदावर सगळं जमत होतं.

आता विचारलेल्या प्रश्नाकडे येतो.

गावात दुकान नाही. एके काळी होतं, त्याच्या काचेमागे अजून एक रिकामा तराजू दिसतो. पावाची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी नऊ चाळीसला अग्निशमनाच्या शेडसमोर येते, घंटा वाजवते आणि बारा मिनिटं थांबते. खाटकाची गाडी गुरुवारी, आमच्या उपयोगाची नाही. अंडी रस्त्याकडेच्या एका लाकडी कपाटात ठेवलेली असतात, आपण पैसे डब्यात टाकायचे. बटाटे ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्याकडून पंचवीस किलोचं पोतं घ्यायचं आणि तळघरात अंधारात ठेवायचं. बाकी सगळं तेरा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी. तिथे दोन सुपरमार्केट आहेत आणि त्यांच्या शेजारी पेट्रोल पंप. पेट्रोलचा दर तिथे दिवसातून अनेकदा बदलतो, सकाळी चढा आणि संध्याकाळी उतरता, म्हणून मी कामावरून येतानाच भरायचो. बस शाळेच्या वेळेला, दिवसातून तीन. शनिवारी दुपारनंतर नाही, रविवारी मुळीच नाही. रविवारी दुकानंही बंद, फक्त पंपावरच्या टपरीत दूध आणि पाव मिळतो. आपला किराणा महिन्यातून एकदा ड्रेस्डेनहून, यादी करून. यादीत जे राहिलं ते पुढच्या महिन्यापर्यंत राहिलं.

याचा अर्थ असा, की गाडी नसेल तर तुम्ही उपाशी राहत नाही, पण दुसऱ्याच्या वेळापत्रकावर जेवता. मेधाचं मिरजेचं लायसन्स इथे सहा महिन्यांनंतर चालेनासं झालं होतं. इथली परीक्षा ती दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा बसते म्हणाली तेव्हा मी म्हणालो, "घाई काय आहे? मी आहे ना." आजही मला ते वाक्य बोलल्याची वेळ आणि जागा आठवते. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, तिच्या मांडीवर अंड्यांचा ट्रे होता.

पहिल्या उन्हाळ्यात मात्र ती रमली होती. बागेत मेथी पेरली, ती उगवलीही. समोरच्या घरातल्या फ्राऊ नोयमान, म्हणजे नोयमान बाई, वय अठ्ठ्याहत्तर, तिला पावाच्या गाडीपाशी भेटायच्या. दोघी एकमेकींना हातवाऱ्यांनी पाककृती सांगायच्या. फ्राऊ नोयमान दर जूनमध्ये गावाची तेलाची ऑर्डर एकत्र करतात. सगळ्यांच्या घरांत तळघरात टाकी असते, आणि उन्हाळ्यात एकच टँकर येऊन अख्ख्या गावाचं तेल भरून जातो. त्या वही घेऊन आमच्याकडेही आल्या.

"हेर माने, तुमचं किती लिहू?"

आमची टाकी लोखंडी, तीन हजार लिटरची, जुन्या मालकाची. मी काठी घालून मोजलं. सत्तर सेंटिमीटर, म्हणजे चौदाशे लिटर. मी म्हणालो, आत्ता नको. मला आधी बघायचंय या घराला वर्षाला किती लागतं.

त्यांनी वहीवरून मान वर केली. "हे बघा, टाकी पाव हिश्शाच्या खाली जाऊ देऊ नका. आमच्याकडे कोणी जाऊ देत नाही."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं मी म्हणालो. ऐकलं, पण घेतलं नाही.

मेधा आतून म्हणाली, "अहो, भरून टाका ना. सगळे भरतायत."

"संपू दे. संपल्याशिवाय कळत नाही किती लागतं."

ती हसली. "झालं, आले बाबा."

दर रविवारी सकाळी मी तळघरात जाऊन काठी बुडवायचो आणि भिंतीवर खडूने आकडा लिहायचो. उन्हाळ्यात रोजचे दोन-तीन लिटर जात होते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सहा-सात. डिसेंबरमध्ये दहा. जानेवारीत थंडी उणे चौदावर गेली आणि चौदा लिटर जायला लागले. तरी मी गाफील नव्हतो. नवं तेल अठ्ठावीस जानेवारीला येणार असं ठरवून ठेवलं होतं. त्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी काठीवर नऊ सेंटिमीटर होते. नऊ गुणिले वीस, एकशे ऐंशी लिटर. रोजचे चौदा धरले तरी बारा दिवस. टँकरला दहा दिवस बाकी. म्हणजे दोन दिवस शिल्लक. मेधाला मी वर येऊन सांगितलं, "अगदी बरोबर बसतंय बघ."

ती पोळ्या करत होती. म्हणाली, "आजच फोन करा ना त्यांना. थोडं आधी आणा म्हणावं."

"दोन दिवस शिल्लक आहेत."

"मुक्ताला खोकला आहे."

"आहेत म्हटलं ना शिल्लक."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी सकाळच्या पाळीला गेलो. आमच्या कारखान्यात आतल्या भागात फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. आत तापमान बावीस अंश असतं, बारा महिने, चोवीस तास, आणि ते अर्ध्या अंशाने हललं तरी कोणीतरी धावत येतं. ते हलू नये हे पाहणाऱ्यांपैकी मी एक आहे. दोन वाजता लॉकर उघडला तेव्हा मेधाचे अकरा फोन येऊन गेले होते. पहिला आठ वाजून वीस मिनिटांनी.

बॉयलर आठच्या सुमारास बंद पडला होता. बर्फामुळे शाळेची बस आली नव्हती, म्हणून मुक्ता घरीच होती. मेधाने बॉयलरचं लाल बटण दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबायला भ्याली. ओव्हन लावून त्याचं दार उघडं ठेवलं आणि दोघी त्याच्यासमोर बसल्या. विजेचा हीटर आमच्याकडे नव्हता. तो तेरा किलोमीटरवरच्या दुकानात होता.

बर्फातून मला घरी पोचायला साडेचार झाले. घरात अकरा अंश आणि कोणी नाही. ओट्यावर मळलेली कणीक तशीच, वरून सुकलेली. मी रस्ता ओलांडून फ्राऊ नोयमान यांच्याकडे गेलो. त्यांच्या स्वयंपाकघरात लाकडाची शेगडी आहे. तिच्याशेजारी मुक्ता त्यांच्या शालीत गुंडाळून बसली होती. माझ्याकडे बघून ती जर्मनमध्ये म्हणाली, की पापा, तू तर म्हणाला होतास बारा दिवस.

फ्राऊ नोयमाननी माझ्यासमोर सूपचा वाडगा ठेवला. मी सगळ्यांना सांगायला लागलो, की टाकीत एकशे ऐंशी लिटर आहे, दोष बॉयलरचा असणार. फ्राऊ नोयमाननी मला थांबवलं. "हेर माने, ते तेल नाही."

हीटिंगचा मिस्त्री गुरुवारी आला. त्याआधी एकाच घरी माल पोचवायला तयार असलेला टँकर शोधायला मला दोन दिवस आणि तेवीस फोन लागले. त्या तीन रात्री मेधा आणि मुक्ता समोर झोपल्या, मी घरात, पाइप गोठू नयेत म्हणून दुकानातून आणलेला एक हीटर घेऊन. मिस्त्रीने फिल्टर उघडला आणि त्यातलं एका काचेच्या बरणीत ओतून मला दाखवलं. काळं, डांबरासारखं, खाली पाण्याचा थर. जुन्या लोखंडी टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळ साठतो. पातळी तिथवर गेली की पंप तेलाऐवजी तोच ओढतो. शेवटचे नऊ सेंटिमीटर मी आठ महिने तेल म्हणून मोजत होतो. गॅसच्या टाकीच्या तळाशी गाळ नसतो. ती आडवी करता येते.

मेधा जिन्यात उभी राहून बरणीकडे बघत होती. ती म्हणाली, "बाबांना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल."

दुपारी घर वीस अंशांवर आलं. मला वाटलं, संपलं, शिकलो, पुढच्या जूनमध्ये वहीत पहिलं नाव माझं. फेब्रुवारीत शाळेचा फॉर्म टेबलावर आला तेव्हा त्यावर ड्रेस्डेनच्या शाळेचं नाव होतं, मेधाच्या अक्षरात. मी विचारलं, चार दिवसांच्या गारठ्यासाठी?

तिने फॉर्म माझ्याकडे वळवला, कारण पालक म्हणून माझीही सही लागत होती. "गारठा सोसला असता हो," ती म्हणाली. "मी त्या दिवशी म्हटलं होतं, फोन करा. तुम्ही काठीला विचारलंत, मला नाही."

अट माझ्याच तोंडून मान्य झालेली होती. मी सही केली.

आता त्या दोघी काँक्रीटचे तयार पॅनेल जोडून बांधलेल्या एका जुन्या इमारतीत सातव्या मजल्यावर दीड खोलीत राहतात. मेधा एका शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धा दिवस काम करते, जागाही तिथल्याच एका बाईने मिळवून दिली. गावातलं घर विकायला काढून दीड वर्ष झालं. तीन जण बघून गेले. तिघांनीही तळघरात उतरून टाकी पाहिली आणि तिघांनीही विचारलं, की दुकान किती लांब? मी खरं ते सांगितलं. घर रिकामं ठेवता येत नाही, पाइप फुटतात, म्हणून मी इथे असतो. खरं तर तेवढंच कारण नाही. दीड खोलीत या असं मला कोणी म्हटलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

शनिवारी मी त्यांच्याकडे जातो. पहिले काही महिने गाडी भरून न्यायचो, बटाटे, कपाटातली अंडी, बागेतली मेथी. मेधा दार उघडून म्हणायची, "अहो, एवढं कशाला? खालीच मिळतं सगळं." ठेवायला तिथे जागाही नाही. बटाट्यांना कोंब फुटले तेव्हा मुक्ताने ते खिडकीत रांगेने मांडून ठेवले होते, मला दाखवायला. ती आता बारा वर्षांची आहे. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि आमचं चांगलं चालतं. ती मला पुन्हा एकदाही म्हणालेली नाही, की पापा, तू तर म्हणाला होतास. त्या दिवसानंतर ती माझ्याकडे आकडा मागत नाही. गाडीला किती वेळ लागेल, बाहेर किती थंडी आहे, हे सगळं ती फोनमध्ये बघते.

मागच्या शरद ऋतूत मेधा तिसऱ्यांदा परीक्षेला बसली आणि पास झाली. मला तिने नंतर सांगितलं. आता तिला गाडी चालवता येते आणि तिला त्याची गरज नाही.

तर बर्लिनच्या त्या जोडप्यासाठी. तेल जूनमध्ये घ्या, गावाबरोबर घ्या, आणि टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नका. टाकी किती जुनी आहे ते विचारा, तळ साफ केव्हा केला ते विचारा. एक विजेचा हीटर आणि पंधरा दिवसांची डाळ-तांदूळ घरात ठेवा. दोघांचंही लायसन्स झाल्याशिवाय खेड्यात घर घेऊ नका. एवढ्या माहितीने तुमचं भागेल का, मला माहीत नाही. मला माहिती फ्राऊ नोयमाननी जूनमध्येच दिली होती, आणि मेधाने रविवारी.

बाबा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. दर रविवारी माझं तळघरातलं काम झालं की मी त्यांना फोन करतो. मेधा आणि मुक्ता शाळेसाठी शहरात राहतात, एवढंच मी त्यांना सांगितलं आहे. बाकीचं ते इथे वाचतील. त्यांची टाकी दोघांत एकोणसत्तर दिवस जाते. ते मला हा आकडा अभिमानाने सांगतात, आणि मागून आई म्हणते, "करायचं तरी कोणासाठी? एक वेळ तर भात खातो आम्ही." जिन्याखालच्या टाकीचं सांगायला ते विसरत नाहीत. एजन्सीने कागद मागितले की ते रांगेत उभे राहून देऊन येतात. जुनी झाली म्हणून दोनदा बदलून आणली. सील तसंच आहे.

इकडे माझी टाकी जूनमध्ये काठोकाठ भरली. मी एकच खोली तापवतो, बाकी घर दहा अंशांवर, पाइपांपुरतं. घरात जेवायला एक माणूस, अंघोळीला एक. इतकं कमी तेल या घराला कधी लागलं नसेल. मला पहिल्या दिवसापासून कमीत कमी किती लागतं तेच काढायचं होतं, आणि ते निघालं. मिरजेच्या घरात गॅसची टाकी चौतीस दिवसांत संपायची तेव्हा ती लवकर संपते असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.

गेल्या रविवारी काठीवर एकशे एकवीस होते, या रविवारी एकशे वीस. बाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "किती आहे?"

मी आकडा सांगितला.

"मग किती दिवस जाईल?"

"खूप दिवस जाईल, बाबा."

"चांगलंय," ते म्हणाले. मागे आईने लायटर दोनदा दाबल्याचा आवाज आला, आणि शेगडी पेटली.